विलायती सायकलची खीळ
ये अशी जवळ बस, कागदावर का होईना. वर्षभर तोंड दाखवत नाहीस, शोभतं का तुला? काल शिलाई मशीनला तेल देताना तो वास आला न् मेहकरचं सायकलचं दुकान आठवलं. मी तेव्हा जानेफळला नर्स होते. बाळंतपणं करायला खेड्यापाड्यांत जायचं, म्हणून एसटीत सीटखाली मावेल अशी घडीची सायकल विलायतेतल्या भावाकडून मागवली. दुकानदार म्हणाला होता, "बाई, इथली घ्या, बिघडली तं मी हाय न." मी नुसती हसले. सायकल आली, पण घडीच्या सांध्याची खीळच खोक्यात नव्हती. मग त्यानेच नांगराचं जुनं लोखंड दिवसभर कानशीनं घासून खीळ केली न् बसवली. तेवढ्यात आमच्या जानेफळच्या सरपंचाची बायको आली, नेमकी तीच खीळ चाचपून म्हणाली, "काय मजबूत हाय वं!" न् मी फुशारकीनं बोलून गेले, "विलायतचं लोखंड हाय, इथल्या हाताले जमते काय असं?" तो समोरच काळे हात पुसत उभा होता. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "हाव बाई, तिकडलंच हाय ते." माझं खोटं त्यानं झाकलं न् मी झाकू दिलं. पुढे कितीदा त्या दुकानावरून गेले, पण खरं बोलायला कधी उतरले नाही. आता तो नाही. हे कोणापुढे बोलवत नाही बाई मला. तू लवकर ये, चार दिवस राहायलाच ये.