घंटाबाईची शिकवणी

घंटाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत शिपाईण होती, तास संपला की घंटा वाजवायची, म्हणून पोरांनी ठेवलेलं. ती चिडायची नाही. "हेडमास्तरसुद्धा माझ्या घंटेला उठतात," म्हणायची, आणि ते खरंच होतं. वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून तिने जन्मभर एकच गोष्ट पाहिली. नापास होणारं पोर आधी मागच्या बाकावर जातं, मग दाराबाहेर, मग शाळेबाहेर. त्याचं काय दुखतंय हे कुणी विचारत नाही. पुढे तिने जे केलं त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. एकदा छातीत कळ आली आणि पिठाच्या पोत्यांवरच आडवा झाला. हृदय कसंबसं सावरलं, पण आठवण गळायला लागली. "भट्टी विझवली का?" असं विचारत घरभर फिरायचा. जावई आला की त्याच्याकडे उरलेल्या पावांची चौकशी करायचा. मोठ्या इस्पितळात दाखवायचं तर सकाळभर रांगेत उभं राहायचं, आणि डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहून मोकळा.

त्याच रांगेतून कुणीतरी त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे संशोधन चाललं होतं. हृदय अधू झालेल्यांची स्मरणशक्ती एका नव्या गोळीने टिकते का, हे बघायचं होतं. वर खुर्ची होती, पंखा होता. एक तरुण डॉक्टरबाई "या काका, बसा" म्हणायच्या आणि छातीला नळी लावून नीट ऐकायच्या.

"चांगल्या शाळेत नंबर लागला तुमचा," घंटाबाई त्याला म्हणाली.

पण पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, "काकू, स्मरणशक्ती फारच घसरली तर काकांना यातून काढावं लागेल. मग खालच्या ओपीडीत दाखवा." त्या साधेपणाने बोलल्या. घंटाबाईने ऐकलं ते एवढंच, की नापास झाला की बाहेर. बाहेर म्हणजे पुन्हा ती रांग, आणि रांगेत हे हृदय टिकणार नाही.

दर फेरीला परीक्षा असायची. आज वार कोणता, महिना कोणता, आणि पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे. शब्द दर वेळी तेच. एवढं मोठं संशोधन, पण पाच शब्द बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मग रोज संध्याकाळी दिवा लागला की घंटाबाई त्याला खाटेवर बसवायची आणि आपण समोर.

"चमचा, शिडी, कंदील, बदक, दोरी. म्हणा."

"चमचा, शिडी... अगं, बदक कशाला? आपण कुठे पाळलंय?"

"अहो, परीक्षेत आहे ते."

"मग राहू दे बिचारं."

शेजारच्या खुर्चीवरचा एक म्हातारा "चक्कर येते" म्हणाला आणि पुढच्या फेरीला त्याची खुर्ची रिकामी दिसली. त्या संध्याकाळी शिकवणीत भर पडली. चक्कर येते का? नाही. कसं वाटतं? बरं वाटतं. हेही त्याने घोकलं. हृदयाचा आलेख मशीनवर क्वचितच काढायचे, एरवी तोंडी विचारण्यावरच भागायचं.

काकांचे मार्क चढले. मोठे डॉक्टर स्वतः आले, त्यांनी हात मिळवला, पाहुण्यांना दाखवलं. आणि गोळीचा डोस वाढवला.

त्यानंतर तो चालता चालता दाराची चौकट धरून उभा राहू लागला. चेहरा राखेसारखा. घंटाबाईने ते पाहिलं, आणि उन्हावर ढकललं. मग एका सकाळी तो मोरीत कोसळला. हनुवटी फुटली. इस्पितळात आलेख काढला तर हृदय रडतखडत चाललेलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "या गोळीने नाडी मंदावू शकते. पण यांच्यात एवढी सुधारणा आहे की गोळी बंद करवत नाही. दाखल करून घेऊ आणि बघू."

"साहेब, ती सुधारणा गोळीची नाही. माझी आहे."

"काकू, तुम्ही सेवा केलीत हे आम्हाला—"

"सेवा नाही, शिकवणी. दुसरे शब्द विचारून बघा."

डॉक्टरबाई खाटेजवळ वाकल्या. "काका, टोपी, आरसा, मासा, पूल, खिडकी. आता तुम्ही म्हणा."

त्याने घसा खाकरला, हाताची घडी घातली. "चमचा, शिडी, कंदील, बदक, दोरी. चक्कर येत नाही. बरं वाटतं." आणि बायकोकडे बघितलं.

"शाबास," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गोळी तिथल्या तिथे बंद झाली. आणि खोटी माहिती दिली म्हणून काकांना संशोधनातून काढलं. घंटाबाईने हे मला येऊन सांगितलं. मी रुग्णांच्या बाजूने भांडत फिरणारा माणूस, वर गेलो. मोठ्या डॉक्टरांना म्हणालो, "बिघडेल त्याला तुम्ही बाहेर काढता, मग उरलेले सुधारलेलेच दिसणार. पोरं गाळून शाळेचा निकाल शंभर टक्के लावतात, तसंच ना हे?"

"तो नियम आहे," ते म्हणाले.

"केला कुणी?"

त्यांनी घड्याळ बघितलं. खोटं घंटाबाई बोलली, हे मी नाकारत नाही. पण खरं बोलणाऱ्याची खुर्ची काढून घेण्याची सोय ज्यांनी केली, त्यांना कुठूनच काढलं गेलं नाही.

नाडी थोडी वर आली, पुरेशी नाही. शब्द तर भराभर गेले. तरी संध्याकाळी तो खाटेवर हाताची घडी घालून बसायचा.

"आज शिकवणी नाही का गं?"

"सुट्टी लागली."

"कधीपर्यंत?"

"आता सुट्टीच."

शाळकरी पोरासारखा खूश होऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

थंडी सरायच्या आत तो गेला. खालच्या रांगेतल्या बाकावर, तिच्या खांद्याला टेकून. नंबर पुकारला तेव्हा ती हलली नाही. मागचा माणूस म्हणाला, "काकू, तुमचा नंबर आलाय."

"तुम्ही जा पुढे," ती म्हणाली.