ऊनपाऊस नसलेल्या नगरीतील मिस्त्रीणबाई

जिथे पाऊस पडत नाही, थंडी बोचत नाही आणि चोर शिरत नाही, तिथे माणसाला घर कशाला लागावे? हा प्रश्न मिस्त्रीणबाईंना प्रथम विचारला तो त्यांच्या जाऊबाईंनी. प्रश्नाचा सूर कुत्सित असला तरी त्यात तथ्य होते. "लोक हवेत नुसते मनोरे बांधतात, आमच्या ह्या ते विकतातसुद्धा," असे जाऊबाई आल्यागेल्याला सांगत. मिस्त्रीणबाई हसत आणि पुन्हा कामाला लागत.

पूर्वी त्या एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढत असत. कचेरी बंद पडली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत टेबल मांडले, त्यावर संगणक ठेवला आणि एका आभासी नगरीत प्रवेश केला. ती नगरी केवळ पडद्यावर नांदणारी. देशोदेशींची माणसे बाहुल्यांसारखी रूपे धारण करून तिथे हिंडतात, गप्पा मारतात, जागा भाड्याने घेतात आणि त्या जागेवर मनाजोगते काही उभारतात किंवा कुणा कारागिराकडून विकत घेतात. भूमी मालक कंपनीची; भूमीवरचे सारे वैभव मात्र रहिवाशांच्या हातचे. मिस्त्रीणबाईंनी तिथे घरे बांधून विकण्याचे दुकान थाटले, आणि 'मिस्त्रीणबाई' हे नावही तिथल्याच गिऱ्हाइकांनी त्यांना दिले.

त्यांची एक रीत होती. घर सोपवताना त्या एक भिंत कोरी ठेवत. गिऱ्हाईक तिथे रुळले की विचारत, "आता सांगा, तुम्ही बसता कुठे?" मग तो माणूस जिथे बसू लागला असेल, त्याच्या दृष्टीसमोर त्या खिडकी पाडत. खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले एक निवृत्त पोस्टमास्तर त्यांचे जुने गिऱ्हाईक. घर समुद्राकाठी, आणि त्यांनी खिडकी मागितली ती शेजाऱ्याच्या फाटकाकडे. कोण आले, कोण गेले ते दिसायला हवे, म्हणाले. समुद्राकडून काही कुणी टपाल घेऊन येत नाही. गृह म्हणजे केवळ आच्छादन नव्हे, ते दृष्टीचे अधिष्ठान आहे, हे मिस्त्रीणबाईंना त्या दिवशी नीट कळले.

मग एके दिवशी मालक कंपनीने घोषणा केली: प्रत्येक सभासदाला तळ्याकाठी घर, तेही फुकट. ज्या भूमीचे भाडे मिस्त्रीणबाई भरत होत्या, त्या भूमीचा स्वामीच आता त्यांचा प्रतिस्पर्धी झाला. त्या ती घरे पाहून आल्या. नावे ठेवायला जागा मिळाली असती तर बरे वाटले असते. पण छपरांची उतरण त्यांच्याहून सुबक होती. फक्त खिडक्या सर्वांना एकाच जागी, आणि त्या हलवण्याची सोय नाही.

गिऱ्हाइके पांगू लागली. तेव्हा कसलेल्या कारागिराच्याच हातून व्हावी अशी चूक त्यांच्याकडून झाली. स्पर्धेच्या ईर्षेने त्यांनी घरांवर कलाकुसर चढवली: कोरीव कमानी, नक्षीचे कठडे, अंगणात कारंजी. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरांनाही आपण होऊन साज चढवला. ते शक्य होते, कारण प्रत्येक घराचे कुलूप, म्हणजे त्यात फेरफार करण्याचा अधिकार, त्यांनी स्वतःपाशी राखून ठेवला होता. सगळेच कारागीर नक्कल होऊ नये म्हणून तसे राखत.

याच सुमारास कंपनीच्या एका मॅडमचा फोन आला. त्यांनी अत्यंत अदबीने नोकरी देऊ केली. तळ्याकाठच्या घरांची पुढची आळी मिस्त्रीणबाईंनी रचावी, पगार दरमहा, मात्र स्वतःचे दुकान बंद करावे. औषधांच्या दुकानात दिवसभर उभे राहून पाय सुजलेले यजमान म्हणाले, "अगं, घे. पण उद्या मला बोल लावायचा नाही." हो म्हणावे तर दुकान जाते, नाही म्हणावे तर ते आपोआपच जाईल अशी चिन्हे.

उत्तर द्यायचे राहिले असतानाच पोस्टमास्तर तक्रार घेऊन आले. त्यांचा संगणक जुना. नक्षीच्या भाराने घर पडद्यावर उमटायलाच इतका वेळ घेई की तोवर ते स्वतः निराधार अवकाशात नुसते उभे. आणि उमटले तेव्हा कारंजे नेमके खिडकीसमोर.

"मग सांगायचं नाही का? काढून टाकते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तेच तर. तुम्हीच बसवणार, तुम्हीच काढणार." पोस्टमास्तर म्हणाले. "रागावू नका, पण कंपनीची खिडकी हलत नाही, आणि तुमची हलते ती तुमच्याच हातानं. मला काय फरक पडला? ती कंपनी मोठी मालक, तुम्ही धाकट्या."

मिस्त्रीणबाईंना राग आला. अपमानापेक्षा सत्य झोंबले. आपण ज्या सत्तेविरुद्ध कुरकुरतो तिचेच एक छोटे प्रतिरूप आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. स्वामित्वाचा दोष दुसऱ्याच्या हाती असला की लख्ख दिसतो. आपल्या हाती असला की त्याला आपण काळजी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना एकच विचारले: राहणाऱ्याला खिडकी हलवता येईल का? मॅडमनी प्रांजळपणे सांगितले, की तसे केले तर हजारो घरांची व्यवस्था पाहणे अशक्य होईल. त्यांचेही खोटे नव्हते. मिस्त्रीणबाईंनी आभार मानून नकार कळवला, नक्षी उतरवली, आणि विकलेल्या एकेका घराचे कुलूप काढून अधिकार राहणाऱ्याच्या नावे केला. यजमानांनी ऐकून घेतले आणि कपडे वाळत घालायला ते बाल्कनीत गेले. जाऊबाई मात्र म्हणाल्या, "आता काय, हवेतलेही धर्मादाय?"

पहिली हाक आली ती पोस्टमास्तरांचीच. आवाज घाबरलेला. खिडकी जरा सरकवायला गेलो आणि आख्खी भिंतच नाहीशी झाली, म्हणाले. मिस्त्रीणबाई नगरीत जाऊन पाहतात तो पोस्टमास्तरांचे तिथले रूप तीन भिंतींच्या घरात खुर्चीवर बसलेले.

"आता तुम्हीच काय ते करा," ते म्हणाले.

मिस्त्रीणबाईंचा हात सवयीने पुढे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. "मी सांगते, तुम्ही करा. आधी डावीकडची चौकट धरा. खिडकीची नव्हे हो, भिंतीची."

"शिकवणीचे पैसे घेणार का?"

"घेणार तर. फुकट हवं तर तळ्याकाठी जा."

पोस्टमास्तर खळखळून हसले आणि चौकट शोधू लागले. दुकान यावर तगेल की नाही, हे त्या घटकेला दोघांनाही ठाऊक नव्हते.