बिरूची जीभ

बिरू मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही एकाच गावचे आणि चिकलठाण्याच्या बिअर कारखान्यात एकाच वर्षी लागलो. मी बाटल्या धुवायला, तो जवाची पोती उचलायला. दोन वर्षांत तो बिअरची चव बघणारा झाला आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं.

कारखान्यात लागर आणि पिल्सनर अशा दोन बिअर व्हायच्या. दोन्ही पिवळ्या, दोन्हींवर फेस, आणि मला दोन्ही सारख्याच घाण लागायच्या. बिरू आधी कोरडी भाकरी चघळून तोंड साफ करायचा, मग ग्लास पांढऱ्या कागदापुढं धरायचा. लागर मधाकडं झुकलेली, पिल्सनर वाळल्या कडब्याच्या रंगाची. मग एकच घोट. लागरची गोडी जिभेच्या शेंड्यावर रेंगाळते, पिल्सनरचं कडू घशाशी जाऊन बसतं. म्हणून तो थुंकायचा नाही, गिळायचा. धनगराचा पोरगा तो. शेळीनं लिंब खाल्ला की बोर, हे दुधावरून सांगायचा. त्याच्या या हुशारीचा मला संताप यायचा.

शहाऐंशीचं साल. नामांतराचे मोर्चे निघत होते आणि कारखान्यात जेवणाचे डबेसुद्धा वेगवेगळे बसून उघडले जायचे. टाक्या सांभाळणारा पुंडलिक मोर्चाला गेला की आमचे मॅनेजर आप्पासाहेब यांच्या कपाळाला आठी पडायची. साहेब मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव. पुंडलिक आमच्याच गावचा, पण अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत त्याचं घर जळलं आणि त्यानं गाव सोडलं.

एक दिवस चार नंबरच्या टाकीतली पिल्सनर मधाच्या रंगाची निघाली. आप्पासाहेबांना निमित्तच हवं होतं. पुंडलिकनं मुद्दाम लागर मिसळली, त्याला कामावरून काढायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं. फक्त बिरूचा शब्द हवा होता.

"रंग तर लागरचाच आहे. काय ते एकदा बोलून टाक," साहेब म्हणाले.

बिरूनं भाकरी चघळली, घोट घेतला.

"मिसळ नाय, साहेब. नुसती पिल्सनर हाय."

"रंग दिसत नाही का तुला?"

"जव जास्त भाजलेला हाय, त्याचा रंग. करपल्या भाकरीचा वास येतोय. लागर असती तर गोडी शेंड्यावर थांबली असती. इथं समदं कडू मागं हाय."

भाजलेला जव आप्पासाहेबांनीच पास केला होता. त्यांचं तोंड लालबुंद झालं. त्यांनी बिरूला तीनदा चव घ्यायला लावली आणि तिन्ही वेळा तो तेच बोलला.

"जिभेला कळतंय ते कसं नाकारू?" तो म्हणाला.

पुंडलिकची नोकरी राहिली. बिरूला मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी बाटल्या धुवायला पाठवायचं ठरलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पाळी सुटल्यावर बिरू फाटकापाशी पुंडलिकच्या सायकलीजवळ जाऊन उभा राहिला. एखादा गोड शब्द मिळेल, या आशेनं. मीही मजा बघायला थांबलो.

"आभार मानू व्हय तुझे?" पुंडलिक म्हणाला. "आठ सालामागं पोलिसांनी इचारलं, आग कुणी लावली. तू ओट्यावर उभा व्हतास. म्हणलास, म्या काय पाह्यलं नाय."

"तवा लई भ्या वाटलं रं."

"आज साहेबाचं नाय वाटलं. मग आता सांग की नावं. बस सायकलवर, ठाण्यात जाऊ."

बिरूनं तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिटून घेतलं. पुंडलिकनंही माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग तो एकटाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बिरू माझ्या शेजारी बाटल्या धूत होता. अठ्ठ्याहत्तरला पुंडलिकच्या घराला आग माझ्या थोरल्या भावानं लावली होती. काडीपेटी मी दिली होती, आणि बिरूनं ते पाहिलं होतं.