कप हलावा, चहा सांडू नये

“कप हालला पाहिजे, पन चहा सांडाले नको,” असं म्हणत अक्का स्वतःच ट्रे हातात घ्यायच्या. सत्तरीची, आडव्या बांध्याची, जन्मात कोणाला न भ्यालेली बाई; पण दोन पावलांत तिची बावरलेली पोरगी व्हायची. खांदे आत, नजर पायाच्या अंगठ्यावर, आवाज घशात अडकलेला. कपबशी किणकिणायची. थेंब मात्र सांडत नसे.

अमळनेरला आमच्या शेजारी त्या ब्लाउज शिवायच्या. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. मुलगी दाखवायची असली की आधी मापाला आणि मग शिकायला तिच्याकडे धाडतात. “नाव इचारलं का लगेच सांगू नको. आधी आवंढा गिळ, मंग बोल,” हा पहिला धडा. भ्यालेली पोरगी सगळ्यांना गरीब वाटते, हे त्यांचं शास्त्र. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

माझ्या ताईला दोन स्थळांनी नाकारलं होतं. एम.एस्सी. झालेली, विचारलं तर सरळ उत्तर देणारी. “पोरगी फार धीट आहे,” असा निरोप आला. आईने तिला अक्कांच्या हवाली केलं. चार दुपारी सराव झाला. तिसऱ्या स्थळासमोर ताई अशी घाबरली की क्षणभर मलाही खरं वाटलं. धुळ्याकडचं घर, जागच्या जागी होकार. गल्लीत पेढे अक्कांनीच वाटले.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ताई माहेरी आली. अक्कांना चहा द्यायला गेली, तर कप लटपटला आणि अर्धा चहा त्यांच्या लुगड्यावर. अक्का खो खो हसल्या. “वा वं माय, आजून सराव चालूच शे का?” ताईही हसली, जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी दीर येऊन तिला घेऊन गेला.

त्याच्या पुढच्या सकाळी अक्का ते लुगडं हातात घेऊनच आमच्या दारात उभ्या. चेहरा पांढराफटक. “चहा सांडला व्हता,” त्या आईला म्हणाल्या. “नाटकमा सांडत नही वं. माले कसं समजनं नही?”

तशाच चप्पल घालून एस.टी.ला गेल्या. आईला बरोबर येऊ दिलं नाही. पुढचं ताईने सांगितलं. सासरच्या ओट्यावर अक्का कापत उभ्या, तोंडात पदर, शब्द फुटेना. “पोरनी मायले... दवाखानामा... टाकेल शे. लगेच धाडा.” सासूनेच घाबरून त्यांना पाणी दिलं आणि ताईची पिशवी भरली.

संध्याकाळी दोघी आल्या, तेव्हा माझी धडधाकट आई दारात वाट पाहत होती. ताईच्या दंडावरचे वळ तिने पाहिले आणि तिची पिशवी घेऊन आत ठेवली.

मी चहा केला. “अक्का, काय नाटक वठवलंत!” मी म्हटलं. अक्कांच्या हातातला कप हलत होता, चहा बशीत आणि बशीतून मांडीवर सांडत होता. ताईने दोन्ही हातांनी तो हात धरला.

त्यानंतर त्यांनी कोणाला शिकवलं नाही. आता अक्का नाहीत. ताई सासरी परत गेली नाही. कॉलेजात शिकवते, विचारलं तर सरळ उत्तर देते. फक्त पाहुण्यांना चहा द्यायचा असला, की कप अर्धाच भरते.