बंधाऱ्यापाशी उभी राहा

"साहेब, बंधाऱ्यापाशी कुणाला तरी उभं करा, नाहीतर फोटोत उंची कळत नाही," नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीचा म्हातारा रखवालदार आज मला म्हणाला. मलाच!

हेच मी दरवर्षी सुमनला, माझ्या बायकोला, सांगायचो. ती पदर सावरून एका ओल्या दगडावर उभी राहायची आणि पाण्याच्या आवाजात ओरडून विचारायची, "अहो, मी दिसतेय ना?" मी नुसता हात हलवायचो. माझं लक्ष पडत्या पाण्याकडे.

ती गेली तेव्हा हार घालायला फोटो शोधला. पाणचक्कीचे ढीगभर निघाले. चाकावरचं शेवाळसुद्धा लख्ख. सुमन मात्र प्रत्येकात नखाएवढी. मोठी करून पाहिली, तर चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके. शेवटी आधार कार्डावरचा फोटो लावला.

माणूस शेजारी असल्याशिवाय दगडाचं मोठेपण कळत नाही, एवढी अक्कल मला होती. माणसाचं कशानं कळतं, ते कधी मनातच आलं नाही.

"कुणी नाही हो सोबत," मी म्हणालो आणि झूम करत गेलो. चक्की गेली, बंधारा गेला, पाणी गेलं. चौकटीत उरला फक्त तिचा ओला दगड, अगदी जवळून, लख्ख.