डबा पुढं, माणूस मागून

परवा दुपारी माही बायको वच्छला अन् मी डिंकाचे लाडू वळत होतो. आमची नात जठारपेठेत बाळंत झाली, तिच्यासाठी. अर्धे झाले अन् वच्छलानं छाती धरली. सांजेला ती गेली.

घरात तळलेल्या डिंकाचा वास तसाच होता. त्या वासानं मले याच नातीचा जन्म आठवला. तवा तिची माय, आमची पोरगी, अंदमानातल्या एका बेटावर होती. तिथं जायचं विमान आठ-दहा माणसांचं. आमच्याकडं धारणीच्या जीपीत माणसं कोंबतात. त्या विमानासाठी आमाले सामानासकट वजनकाट्यावर उभं केलं. वजन जास्त भरलं. तिथला साहेब म्हणे, "डबा इथंच ठेवा."

"लाडू बाळंतिणीचे हायेत," वच्छला म्हणाली. "या माणसाले ठेवा!"

सारे हसले. मले लय राग आला. पायरीवरून ती वरडली, "तुमी उद्या या मागून!"

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं पोचलो, तर पोरगी लाडू खाऊन राहिली होती. तवाच राग गेला.

आताही वच्छला पुढं गेली. पण या बारीनं डबा माह्यापाशी ठेवून गेली.

काल सकाळी मी परात काढली, तं भावकी म्हणे, "सुतकात हे काय करून राहिले?" मी आयकलं नाही. परातीतलं थिजलेलं मिश्रण गरम केलं अन् उरलेले लाडू वळले. वाकडेतिकडे झाले, पण डबा भरला.