व्हर्लिन स्टकीची खाच

व्हर्लिन स्टकीला कुठलीही वस्तू आहे तशी ठेवता येत नाही. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली, आणि तेवढ्यात आमच्या कॉब हॉलोतल्या एकाही बसचा भोंगा मूळचा राहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेजात बाकडं टाकलं आणि पिस्तुलांच्या मागे लागला. ही पिस्तुलं तशी नवी कोरी, इटलीत बनलेली, पण घाट दीडशे वर्षांपूर्वीचा. ठासणीची. चक्राच्या प्रत्येक खणात दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी चढवायची आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा. व्हर्लिन त्यांना काडतुसं खायला शिकवतो. जुनं चक्र काढून नवं बसवतो, घोडा बदलतो, आणि चक्रामागच्या पोलादी ढालीला कानसेने एक खाच पाडतो. त्या खाचेतून काडतूस आत सरकतं. चक्र काय, परत बदलता येतं. खाच एकदा पडली की पडली.

या खाचेवर त्याचा भारी जीव. एकेक खाच तो दोन दोन दिवस घासतो, भिंगातून बघतो, मग मला बघायला लावतो. माझं दुकान त्याच्या गॅरेजासमोरच आहे. मी गळाला लावायची गांडुळं विकतो. मासेमारीची गिऱ्हाइकं सकाळीच येऊन जातात, त्यामुळे दहानंतर मी त्याला फुकटचे सल्ले द्यायला मोकळा असतो.

"कशी झालीय, हॉयट?" तो विचारतो.

"खाचेसारखी झालीय."

"तुला गांडुळांपलीकडे काही कळत नाही."

पंधरा वर्षांत मी त्याला 'माझं चुकलं' म्हणताना ऐकलेलं नाही. कुणाचं पिस्तूल अडलं, तर काडतूस वाईट असतं, हवा दमट असते, नाहीतर गिऱ्हाईक डावखुरं असतं. पण खरं सांगायचं तर काम त्याचं सोन्यासारखं आहे. तीन परगण्यांतून माणसं येतात.

फक्त घरात त्याची किंमत नाही. त्याची बायको लव्हॉन पक्की ठासणीवाली. तिच्या मते काडतूस म्हणजे दुकानातून आणलेला केक. ती चमच्याने दारू मोजते, गोळी दाबते, आणि एका खणाची ठिणगी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून खणांच्या तोंडाला स्वयंपाकघरातलं वनस्पती तूप लिंपते. त्याच डब्यातल्या तुपाची बिस्किटंही करते. तिच्या बिस्किटांना एक चव असते, त्या चवीबद्दल कोणी बोलत नाही. नवऱ्याच्या हातचं पिस्तूल तिने कधी धरलं नव्हतं आणि त्याच्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. व्हर्लिन म्हणायचा, मला काही फरक पडत नाही. हे तो आठवड्यातून तीनदा म्हणायचा, म्हणजे बघा.

आमचा नेमबाजीचा क्लब गावाबाहेरच्या कुरणात भरतो. तिथे आम्ही प्लायवूडचं जुनं गाव उभं केलंय. सगळे जुन्या काळचे कपडे घालतात, आणि प्रत्येकाला एक टोपणनाव नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं की जन्मभर तेच. व्हर्लिन म्हणजे गंजका बोल्ट. मी हत्यारं तपासायच्या टेबलावर बसतो आणि कुणाचे किती नेम लागले तेही मोजतो, म्हणून जज गांडूळ. लव्हॉनने नाव घेतलं विधवा स्टकी.

"अगं, मी जिवंत आहे," व्हर्लिन तेव्हा म्हणाला होता.

"नंतर बदलता येत नाही म्हणतात," ती म्हणाली. "मग आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं."

सप्टेंबरातल्या मोठ्या सामन्यात कुठल्याही गटात सलग पाच वर्षं पहिला येणाऱ्याचं नाव एका इमारतीला देतात. लव्हॉन चार वर्षं ठासणीच्या गटात पहिली आली होती. बँक, तुरुंग, गुत्ता आणि प्रेतं पुरणाऱ्याचं दुकान यांना आधीच्यांची नावं लागून गेली होती. उरला होता फक्त संडास. तुम्ही हसाल, पण लव्हॉनला तो मनापासून हवा होता.

"बँक प्लायवूडची, तुरुंग प्लायवूडचा," ती म्हणायची. "संडास खरा आहे. लोक तिथे रोज जातील आणि माझी आठवण काढतील."

आणि याच वर्षी व्हर्लिनने घोळ घातला.

आमच्याकडे पिस्तूल दुरुस्तीला देताना मोज्यात घालून देतात. तेल ओघळत नाही, ओरखडा पडत नाही. व्हर्लिनच्या फळीवर असे दहाबारा मोजे कायम पडलेले असतात, आणि प्रत्येकाला मालकाच्या टोपणनावाची चिठ्ठी टाचलेली असते. लव्हॉनचं पिस्तूलही तिथेच असतं, कारण बिस्किटांच्या पिठाजवळ ते ठेवू नये एवढं तिलाही कळतं. ऑगस्टात तिला त्या मोज्यांचा वास असह्य झाला. तिने व्हर्लिनला सगळी पिस्तुलं बाहेर काढायला लावली आणि मोजे मशिनमध्ये टाकले. चिठ्ठ्यांसकट. मोजे स्वच्छ आले, चिठ्ठ्यांचा लगदा आला. व्हर्लिनने स्वतःच्या स्मरणशक्तीवर विसंबून पिस्तुलं परत भरली. एकाच कारखान्याची, एकाच घाटाची बारा पिस्तुलं, आणि चष्मा डोक्यावर.

सामन्याच्या आदल्या गुरुवारी त्याचं गिऱ्हाईक आलं. डॉक्टर वेन्डेल प्रुइट, दातांचे. क्लबात त्यांचं नाव कवळी किड. त्यांनी मोज्यातून पिस्तूल काढलं, खाच बघून खूश झाले, मग मूठ उलटी करून म्हणाले, "व्हर्लिन, काम सुरेख आहे. पण हे माझं नाही. माझ्या मुठीवर तूप नाही."

मी तिथेच होतो. व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मुठीला नाक लावलं, एकदा लावलं, पुन्हा लावलं आणि खुर्चीत बसला. खाच लव्हॉनच्या पिस्तुलाला पडली होती.

डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला, "हॉयट, ही खाच भरता येईल."

"कशाने?"

"शिसं."

शिसं भरलं, ते पहिल्याच धक्क्याला निसटलं. मग त्याने बसच्या पत्र्याला लावायची लांबी भरली आणि काळा रंग दिला. लांबून बरं दिसत होतं. पण मी तपासणीच्या टेबलावर बसतो आणि मला लांबून तपासता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. ढाल कापलेली असली तर पिस्तूल ठासणीच्या गटात चालत नाही, मग आत चक्र कुठलं का असेना. नियम मीच लिहिलाय.

"मित्र आहेस ना?"

"म्हणून तर आत्ता सांगतोय. नाहीतर शनिवारी सामन्यात चारचौघांत सांगितलं असतं."

"काय सांगतोयस?" दारात लव्हॉन उभी होती. हातात बिस्किटांची ताटली.

व्हर्लिनने पिस्तूल पाठीमागे लपवलं. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढे कोणी असं करू नये. तिने ताटली ठेवली आणि नुसता हात पुढे केला.

तिने खाच बघितली. अंगठ्याने लांबी खरवडली.

"मोजे कुणी धुतले?" व्हर्लिन बारीक आवाजात म्हणाला.

"भरले कुणी?"

मी माझं पिस्तूल देऊ केलं, तर ती म्हणाली, "दुसऱ्याचं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याची कवळी, हॉयट. या मुठीला माझा हात बसलाय." मग नवऱ्याकडे वळली. "पाच वर्षं कुठल्याही गटात चालतात ना? मग मी काडतुसाच्या गटात उतरते. तुझ्या. पन्नास काडतुसं दे आणि तोंड बंद ठेव."

तिने सराव केला नाही. चार वर्षांच्या विजेतीने सराव कशाला करायचा?

आता इथे मला एक कबुली द्यावी लागेल. ठासणीची दारू धूर फार करते; काडतुसातली करतच नाही. पाच बार झाले की नेमबाज दिसत नाही, पत्र्याची निशाणं दिसत नाहीत, कधी कधी पलीकडची गुरंही दिसत नाहीत. कानांत बोळे असतात, शेजारच्या रांगेत दुसऱ्यांचे पत्रे वाजत असतात. आणि आमचा नियम असा की मोजणाऱ्याला शंका आली तर फायदा नेमबाजाला. लव्हॉन तर तूप सढळ हाताने लिंपायची, त्यामुळे तिचा धूर सगळ्यांत दाट आणि थोडा तळणीच्या वासाचा. चार वर्षं मी त्या धुराकडे बघून पाचही बोटं वर केली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना.

शनिवारी ती काळ्या झालरीच्या झग्यात उभी राहिली. निम्मा परगणा जमला होता. व्हर्लिनची गिऱ्हाइकं तर सगळीच. संडासाच्या दारावर फळी आधीच ठोकून ठेवली होती, रंगाचा डबाही आणला होता. तिने पाच काडतुसं खाचेतून भरली. एकही अडलं नाही. व्हर्लिन माझ्या मागे श्वास रोखून उभा.

पाच बार झाले. धूर नाही. स्वच्छ ऊन, पाच पांढरे पत्रे, पाचही जागच्या जागी पांढरे. कुंपणावरची बादली तेवढी हलत होती.

दुसऱ्या फेरीत एक पत्रा वाजला, तिसऱ्या फेरीत बादली पुन्हा. पाच फेऱ्यांत पंचवीस गोळ्या गेल्या आणि पत्र्याला चार लागल्या. मी बोटं वर करत होतो, आणि मला माझ्याच बोटांची लाज वाटत होती.

लव्हॉन पिस्तूल रिकामं करून माझ्या टेबलावर आली. चेहरा लाल. सगळे ऐकत होते. "हे पिस्तूल वाकडं मारतं," ती म्हणाली. "माझं चांगलं होतं. यानं बिघडवलं."

नाचता येईना अंगण वाकडं, हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात आलं असेल, पण बोलायची टाप कुणाची? सगळ्यांनी व्हर्लिनकडे बघितलं. आता हा उसळणार असं मला वाटलं. भिंग काढेल, खाच दाखवेल, हवा दमट आहे म्हणेल. त्याचं नाव पणाला लागलं होतं. समोर कवळी किड उभे होते, त्यांच्या मागे त्याची सगळी गिऱ्हाइकं.

व्हर्लिनने डोक्यावरची टोपी काढली.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "खाच पाडताना माझा हात हलला. माझं चुकलं."

मी त्याला ओळखतो. चार दात एकदम काढायला दिले असते तरी त्याला इतकं दुखलं नसतं. डॉक्टर प्रुइट खोकले आणि म्हणाले की त्यांच्या पिस्तुलाची तशी घाई नाही. आणखी दोघांना त्यांची कामं पुढच्या वर्षी ढकलता येण्यासारखी आहेत हे तेवढ्यात आठवलं. व्हर्लिन प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होता.

मला राग आला. तिचाही आला आणि माझाही. सगळे जेवणाच्या टेबलांकडे गेले, तेव्हा मी मैदान बंद करायच्या आधी ते पिस्तूल उचललं, पाच काडतुसं घातली आणि त्याच जागेवर उभा राहिलो. मी काही नेमबाज नाही. गांडुळंवाला आहे. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

वळून बघतो तर मागे लव्हॉन. हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं.

"किती?" तिने विचारलं.

"पाच."

"माझ्या वेळी किती असायचे, हॉयट? धुरात?"

मी खाली बघितलं. "शंकेचा फायदा नेमबाजाला," मी म्हणालो. "नियम आहे."

"चारही वर्षं?"

"तुला संडास हवा होता, लव्हॉन."

तिने भांडं माझ्या हातात दिलं, पिस्तूल माझ्याकडून घेतलं, घोडा बघितला, चक्र बघितलं, मग ती खाच उन्हाकडे धरून डोळा बारीक करून बघितली. तिथे इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, रडते की काय. रडली नाही. झगा वर धरला आणि तरातरा जेवणाकडे चालू लागली. मी भांडं घेऊन मागे.

सगळे लांब टेबलावर तळलेले मासे खात होते. व्हर्लिन टोकाला, एकटा. लव्हॉनने पिस्तूल सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हे पिस्तूल सरळ मारतं," ती म्हणाली. "हॉयटने आत्ता पाचपैकी पाच मारले. हॉयटने. माझा नेम वाईट आहे. पहिल्यापासून वाईट असणार, मला धुरात दिसलं नाही. तो रंगाचा डबा झाकून ठेवा, वाळून जाईल."

ती व्हर्लिनकडे वळली.

"आणि खाच चांगली झालीय," ती म्हणाली. "फार चांगली झालीय. हे मला आधीच म्हणता आलं असतं. आणि तू खोटं का बोललास रे, गाढवा?"

व्हर्लिनच्या तोंडात माशाचा घास होता. तो त्याला गिळता येईना. डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते माशाच्या काट्यावर ढकललं. शेवटी घास उतरला, तेव्हा त्याने पिस्तूल जवळ ओढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि खाचेकडे बघत म्हणाला, "डावीकडे अजून एक हात कानस मारायला हवी होती."

"मग मार," लव्हॉन म्हणाली, आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली.